साखळीचे सामने आणि चषकाचे सामने

फुटबॉलच्या सामन्यांचें वृत्त वर्तमानपत्रांत वाचतांना दोन शब्द वाचकांच्या दृष्टीस वारंवार पडतात. एक ‘साखळी’ आणि दुसरा ‘चषक’. ‘अमुक संघानें साखळींत दुसरें स्थान मिळविलें, परंतु चषकाच्या पहिल्याच सामन्यांत तो बाद झाला’ असें वाक्य वाचून घरांतील वडील मंडळी बुचकळ्यांत पडतात. संघ तोच, खेळाडू तेच, चेंडूहि तोच. मग एका ठिकाणीं मानकरी ठरलेला संघ दुसऱ्या ठिकाणीं पहिल्याच दिवशीं कां गारद व्हावा? हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. सातारा व सांगली यांसारख्या जिल्ह्यांत फुटबॉल खेळणारीं मुलें शाळा, कॉलेज, कचेरी किंवा कारखाना सांभाळून उरलेल्या वेळांत खेळतात. तेथें एखादा हौशी संघ टिकेल कीं मोडेल, हें पुष्कळदां या दोन शब्दांवरच अवलंबून असतें.

प्रथम चषकाचा विचार करूं. चषकाच्या सामन्यांचा नियम कुस्तीच्या फडावरील निकाली कुस्तीसारखा आहे. जो हरला त्यानें लंगोट गुंडाळून घरीं जावें, जो जिंकला त्यानें पुढच्या जोडीशीं भिडावें. इंग्लंडांत फुटबॉलची मध्यवर्ती संस्था १८६३ सालीं स्थापन झाली. तिचे चिटणीस चार्ल्स आल्कॉक हे हॅरो येथील शाळेंत शिकलेले होते. त्या शाळेंत विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या वसतिगृहांमध्यें असे ‘हरला तो गेला’ पद्धतीचे सामने होत. तीच कल्पना आल्कॉक यांनीं १८७१ सालीं साऱ्या देशांतील क्लबांपुढें मांडली आणि १८७२ सालीं पहिला अंतिम सामना खेळला गेला. जगांतील बहुतेक चषकांचें मूळ हें असें एका शाळेच्या आवारांत आहे.

या पद्धतीचें गणित फार सोपें आहे. प्रत्येक सामन्यांत एक आणि एकच संघ बाद होतो. विजेता एकच उरावयाचा असतो. म्हणून जितके संघ असतील त्यांपेक्षां एक कमी इतके सामने पुरतात. आठ संघांना सात सामने, सोळा संघांना पंधरा. संघांची संख्या चार, आठ, सोळा अशी दुपटीची नसली तर कांहीं संघांना पहिल्या फेरींत न खेळतां पुढें चाल द्यावी लागते. समजा, अकरा संघांनीं नांवें नोंदविलीं. अकराच्या पुढील दुपटीची संख्या सोळा. सोळांतून अकरा वजा केले म्हणजे पांच उरतात. तितक्या पांच संघांना चाल मिळते; उरलेले सहा संघ तीन सामने खेळतात, त्यांतून तीन विजयी होतात आणि पांच व तीन मिळून आठांचा नीटस डाव पुढें सुरू होतो. बलाढ्य संघ पहिल्याच फेरींत एकमेकांवर पडूं नयेत म्हणून सोडतीच्या वेळीं त्यांना तक्त्याच्या निरनिराळ्या टोकांस बसविण्याचीहि रीत आहे.

चषकाचा मोठा गुण असा कीं थोडे दिवस, थोडें मैदान आणि थोडा पैसा यांवर त्याचा कारभार उरकतो आणि प्रेक्षकांना प्रत्येक सामन्यांत जीवन-मरणाचा रंग दिसतो. परंतु त्याचा दोषहि याच गुणांत दडलेला आहे. आठ संघांच्या चषकांत चार संघ एकेकच सामना खेळून परत जातात. तीन महिने पहांटे उठून सराव करावा, वर्गणी काढून बूट व पोशाख घ्यावेत आणि तासा-दीड तासांत सारा हंगाम संपावा, असा प्रकार निम्म्या संघांच्या वाट्यास निश्चित येतो.

साखळीची पद्धत याच अडचणींतून निघाली. इंग्लंडांत १८८५ सालीं पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली. त्यांना दर आठवड्यास वेतन द्यावयाचें, पण चषकांतून संघ बाद झाला कीं पुढें सामना केव्हां मिळेल याची शाश्वती नाहीं. मैत्रीचे सामने ठरत आणि आयत्या वेळीं मोडत. तेव्हां ॲस्टन व्हिला क्लबाचे विल्यम मॅक्ग्रेगर यांनीं पुढाकार घेतला आणि १८८८ सालीं बारा क्लबांची पहिली साखळी सुरू झाली. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावें, एकदां आपल्या गांवीं व एकदां त्याच्या गांवीं, असा नियम ठरला. म्हणजे प्रत्येकास बावीस सामने निश्चित मिळाले. पहिल्याच वर्षीं प्रेस्टन येथील संघानें बावीसांपैकीं अठरा जिंकले, चार बरोबरींत सोडविले आणि एकहि गमावला नाहीं. शिवाय त्याच हंगामांत चषकहि पटकावला. दोन्ही परीक्षा एकाच वर्षीं उत्तीर्ण होणारे संघ विरळा, म्हणूनच त्या संघाचें नांव अद्याप घेतलें जातें.

हिंदुस्थानांतहि चषक आधीं आला आणि साखळी मागाहून. सिमल्याचा ड्युरँड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, कलकत्त्याची ढाल १८९३ ची. कलकत्त्याची साखळी मात्र १८९८ सालीं सुरू झाली. या दोहोंतील अंतर किती असतें याचें एक उदाहरण बंगालच्या इतिहासांतच सांपडतें. २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागान संघानें शिवदास भादुडी यांच्या नेतृत्वाखालीं ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीचा २ विरुद्ध १ गोलांनीं पराभव करून ढाल जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. सारा देश त्या विजयानें थरारला. परंतु त्याच संघाला कलकत्त्याच्या साखळीच्या पहिल्या वर्गांत प्रवेश मिळावयास १९१५ साल उजाडलें आणि ती साखळी प्रथम जिंकावयास १९३९ साल. ढाल व साखळी यांमध्यें अठ्ठावीस वर्षें गेलीं! तत्पूर्वीं १९३४ सालीं मोहमेडन स्पोर्टिंग हा साखळी जिंकणारा पहिला हिंदी संघ ठरला होता आणि १९३८ पर्यंत ओळीनें पांच वर्षें त्यानें तो मान राखला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चषक हा एका दिवसाच्या तेजाचा कस पाहतो, साखळी ही महिनोगणतीच्या संवयीचा. एका दिवशीं वारा अनुकूल असेल, प्रतिपक्षाचा गोलरक्षक चुकेल, पंचाचा एखादा निर्णय आपल्या बाजूस झुकेल आणि दुबळा संघ सबळाला लोळवील; चषकाची गोडी यांतच आहे. साखळींत मात्र वारा कधीं इकडून तर कधीं तिकडून वाहतो आणि अखेर दैवाचे हिशेब बहुतेक फिटतात. उरतो तो सराव, शिस्त आणि मुख्य खेळाडू आजारी पडल्यास त्याची जागा घेणारा बारावा-तेरावा गडी. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर चषक हा वळवाचा पाऊस आणि साखळी ही नक्षत्रांची झड. पहिल्यानें मन निवतें, दुसरीनें पीक येतें.

साखळीचें वेळापत्रक बसविणें हें पुष्कळांना अवघड वाटतें. प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां खेळावयाचें तर आठ संघांचे अठ्ठावीस सामने होतात, सोळा संघांचे एकशें वीस. संघांच्या संख्येला एकनें कमी संख्येनें गुणून निम्मे करावे कीं उत्तर मिळतें. ते सामने घोटाळा न होतां लावण्याची एक जुनी युक्ति आहे. कल्पनेनें असें धरूं कीं सातारा, कराड, वाई, फलटण, सांगली, मिरज, तासगांव आणि विटा या आठ गांवांचा एकेक संघ आहे. हीं नांवें या क्रमानें एका वर्तुळांत लिहावींत आणि पहिल्याची गांठ शेवटच्याशीं, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशीं अशी घालावी. पहिल्या फेरींत सातारा-विटा, कराड-तासगांव, वाई-मिरज आणि फलटण-सांगली असे चार सामने झाले. आतां सातारा जागचें हलवूं नये; बाकीचीं सातहि नांवें एकेक घर पुढें सरकवावींत, म्हणजे शेवटचें विटा दुसऱ्या घरांत येतें. दुसऱ्या फेरींत सातारा-तासगांव, विटा-मिरज, कराड-सांगली आणि वाई-फलटण अशा जोड्या आपोआप पडतात. असें सातदां केलें कीं प्रत्येकाची प्रत्येकाशीं एकदांच गांठ पडते. संघ विषम असतील तर एक रिकामें घर धरावें. ज्याची गांठ त्या घराशीं पडेल त्याला त्या फेरींत विश्रांति. शनिवारीं दोन व रविवारीं दोन सामने ठेवले तर आठ संघांची साखळी सात आठवड्यांत पुरी होते.

मग गुणांचा प्रश्न येतो. पूर्वीं विजयाला दोन व बरोबरीला एक गुण असे. इंग्लंडांतील साखळीनें १९८१ पासून विजयाला तीन गुण देण्यास आरंभ केला आणि १९९४ च्या जागतिक स्पर्धेंत ती रीत आल्यावर ती सर्वत्र रूढ झाली. एका गुणाच्या या बदलानें काय होतें तें पाहण्यासारखें आहे. एका संघानें सात सामन्यांत तीन जिंकले व चार बरोबरींत सोडविले. दुसऱ्यानें पांच जिंकले व दोन गमावले. जुन्या हिशेबानें दोघांचेहि दहा गुण. नव्या हिशेबानें पहिल्याचे तेरा तर दुसऱ्याचे पंधरा. म्हणजे न हरण्यासाठीं खेळणाऱ्यापेक्षां जिंकण्यासाठीं खेळणाऱ्याचा मान वाढला. गुण सारखे झाल्यास पूर्वीं केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनीं भागीत. हल्लीं वजाबाकी करतात. सहा गोल करून दोन स्वीकारणाऱ्याचा भागाकार तीन येतो व वजाबाकी चार. पंधरा करून नऊ स्वीकारणाऱ्याचा भागाकार दोनांहूनहि कमी, परंतु वजाबाकी सहा. जुन्या नियमानें पहिला वर चढतो, नव्या नियमानें दुसरा. हिशेबाची रीत बदलली कीं खेळाची रीतहि बदलते.

साखळी व चषक यांचा संसार एकत्र कसा चालतो हें पाहण्यास सातारा-सांगलीच्या लोकांना लांब जावें लागत नाहीं. मिरजेहून आगगाडीनें पन्नास किलोमीटरांच्या आंत असलेल्या कोल्हापुरांत फुटबॉलनें पेठांपेठांत मूळ धरलें आहे. तेथील कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० ची. मंगळवार पेठेंतील पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी पेठेंतील शिवाजी तरुण मंडळ, त्याचप्रमाणें खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब हीं नांवें तेथें घरोघर माहीत आहेत. यांतील ‘तालीम’ हा शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. ज्या आखाड्यांत पूर्वीं पहिलवान घुमत, त्याच आखाड्याच्या आश्रयानें पेठेंतील पोरें चेंडू खेळूं लागलीं. पाऊस ओसरल्यावर शाहू स्टेडियमवर हंगाम भरतो. संस्थेची साखळी होते आणि निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धाहि होतात. साखळीनें संघाला वर्षाचें काम दिलें आणि चषकानें गांवाला उत्सव दिला. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत झाली, तींत भारताच्या संघांतून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. दर वर्षीं हमखास सामने मिळणाऱ्या गांवांतून असा एखादा मोहरा निघतो तो योगायोगानें निघत नाहीं.

सातारा आणि सांगली यांचें नातें मुळांत एका घरचें. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व संस्थानांचे मुलूख मिळून १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास ‘सांगली’ हें नांव मिळालें. कृष्णामाई दोघांनाहि पाजते. खेळाची आवडहि दोन्हीकडे जुनी आहे. परंतु मान आहे तो कुस्ती, कबड्डी व खोखो यांचा. सांगलींत १९१५ सालीं जन्मलेल्या विजय हजाऱ्यांमुळें क्रिकेटचाहि लौकिक झाला. फुटबॉल मात्र पांचगणीच्या निवासी शाळा, १९६१ सालीं निघालेली सातारची सैनिकी शाळा, कॉलेजें आणि कांहीं गांवांतील हौशी मंडळें यांच्या आधारानें वाढला. शाळेंत चार-पांच वर्षें चेंडू खेळलेला मुलगा शाळा सोडतो तेव्हां पुढें त्यानें कोणासाठीं व कोणाशीं खेळावें, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला भूगोलहि आडवा येतो. सातारच्या पश्चिमेस पाऊस इतका कीं चार महिने मैदानावर पाय ठेवणें कठीण. सांगलीकडची काळी माती पावसांत बुटांना चिकटते आणि उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. २००५ व २०१९ सालच्या महापुरांत सांगली शहरांत कृष्णेचें पाणी शिरलें, तेव्हां खेळाची गोष्ट दूरच राहिली. म्हणजे खेळावयाचे महिने दिवाळीपासून उन्हाळा कडक होईपर्यंतचे. त्यांतून फेब्रुवारी व मार्च हे महिने शालान्त आणि बारावीच्या परीक्षांनीं नेले. सातारा व सांगली या शहरांतील अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. रविवारीं सामना खेळून सोमवारीं सकाळीं कामाच्या पाळीवर हजर व्हावयाचें ज्याला आहे, त्याला या अंतराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं.

अशा ठिकाणीं केवळ चषकाचेच सामने भरले तर काय घडतें याचा विचार करावा. चषकाला देणगीदार लवकर मिळतो, कारण बक्षीससमारंभ एकाच दिवशीं होतो. संघ प्रवासखर्च करून येतो, पहिल्याच सामन्यांत हरतो आणि परत जातो. पुढच्या वर्षीं वर्गणी मागावयास गेलें तर दुकानदार विचारतो, ‘एका सामन्यासाठीं एवढा खर्च?’ त्याचें म्हणणें अगदींच गैर नसतें. सामना एकच मिळणार म्हणून कर्णधार नवीन मुलाला मैदानांत उतरविण्यास धजत नाहीं. जुने खेळाडू थकतात, नवे तयार झालेले नसतात आणि दोन-तीन वर्षांत संघाचें नांव तेवढें उरतें. याउलट सात सामने निश्चित असले कीं तिसऱ्या-चौथ्या सामन्यांत तो नवीन मुलगा अर्धा वेळ तरी खेळतो, चुकतो आणि पुढच्या आठवड्यांत चूक सुधारतो. पराभवानंतरहि पुढचा रविवार उरलेला असणें, हें साखळीचें हौशी संघाला सर्वांत मोठें देणें आहे.

एका पराभवानें माणूस संपत नाहीं, हें या भागाला निराळें सांगावयास नको. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्यें कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें. त्या वेळच्या तेथील नियमांप्रमाणें हरणारा मल्ल तत्काळ बाद होत नसे. प्रत्येक लढतीच्या निकालावरून दोषगुण मोजले जात आणि ते ठराविक मर्यादेपर्यंत गेले तरच तो स्पर्धेबाहेर पडे. जपानच्या व रशियाच्या मल्लांकडून पराभव पत्करूनहि आधींच्या विजयांच्या बळावर खाशाबा तिसरे ठरले आणि स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक या मातींत आलें. स्पर्धेची रचना ही केवळ कागदावरची बाब नसते, याला याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं.

तथापि साखळीचे दोषहि झांकून ठेवतां येत नाहींत. ज्या संघाला विजयाची आशा उरली नाहीं, तो अखेरच्या सामन्यांना येईनासा होतो आणि त्याच्याशीं खेळावयाचें राहिलेल्या संघाला फुकटचे गुण मिळतात. म्हणून निम्म्याहून कमी सामने खेळून माघार घेणाऱ्या संघाचे सारेच निकाल रद्द धरण्याचा नियम कित्येक ठिकाणीं करतात. दुसरा दोष संगनमताचा. १९८२ च्या जागतिक स्पर्धेंत पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांना आपल्या सामन्याचा कोणता निकाल दोघांच्याहि सोयीचा आहे हें आधींच ठाऊक होतें, कारण गटांतील दुसरा सामना आदल्या दिवशीं उरकला होता. जर्मनीनें आरंभीं एक गोल केला आणि पुढें दोन्ही संघ नुसता चेंडू टोलवीत राहिले. तेव्हांपासून धडा घेऊन १९८६ पासून गटाचे अखेरचे सामने एकाच वेळीं सुरू करण्याचा प्रघात पडला. गांवच्या साखळीनेंहि हा नियम पाळावा. त्यास खर्च लागत नाहीं, फक्त दोन मैदानें व दोन पंच लागतात.

वेळ आणि पैसा या दोहोंची टंचाई असेल तेथें मधला मार्ग काढतां येतो. आठ संघांचे अंतरानें जवळ असे दोन गट करावे. कल्पनेंतील आठ गांवांपैकीं सातारा, कराड, वाई, फलटण हा एक गट आणि सांगली, मिरज, तासगांव, विटा हा दुसरा. प्रत्येक गटांत साखळीचे सहा सामने, मिळून बारा. मग दोन्ही गटांतील पहिल्या दोघांचे उपांत्य सामने दोन आणि अखेरचा एक. पंधरा सामन्यांत सारी स्पर्धा पुरी होते. प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतात, लांबचा प्रवास फक्त चार संघांना पडतो आणि शेवटच्या दिवशीं चषकाची रंगतहि हातची जात नाहीं. १९३० सालीं पहिल्या जागतिक स्पर्धेला तेरा संघ जमले, तेव्हां त्यांचेहि चार गटच पाडले होते. जें जगाला चाललें तें कृष्णाकांठाला न चालण्याचें कारण नाहीं.

शाळेच्या मैदानावर संध्याकाळीं चेंडूमागें धांवणाऱ्या मुलांना यांतील गणित ठाऊक नसतें, आणि तें त्यांना ठाऊक असण्याची जरूरीहि नाहीं. परंतु त्यांच्यासाठीं वर्गणी देणारे पालक, मैदान देणाऱ्या संस्था आणि स्पर्धा भरविणारीं मंडळें यांनीं चषक खरेदी करण्यापूर्वीं एक प्रश्न आपल्या मनाशीं अवश्य विचारावा: हरलेल्या संघाला पुढचा सामना केव्हां मिळणार? या प्रश्नाला जेथें नेमकी तारीख सांगतां येईल, तेथें फुटबॉल वाढेल.